कपड्यांतलं पाणी जातं कुठे?

पावसाळ्यात घरात सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता, सांगा पाहू? गणिताचा नव्हे, इतिहासाचाही नव्हे. "आई, माझा युनिफॉर्म सुकला का गं?" हाच तो प्रश्न! आणि मालवण, वेंगुर्ले, देवगडकडच्या घरांत त्याचं उत्तरही ठरलेलं असतं : "अजून सुकाक नाय!"

देशावर कपडे वाळतात, कोकणात ते सुकतात. म्हणजे सुकायला हवेत! एकदा का मिरग लागला, की सिंधुदुर्ग जिल्ह्यात पाऊस ठाण मांडून बसतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कौलारू घरात त्याची सोय केलेली असे. पडवीत दोऱ्या, माजघरात आडव्या टांगलेल्या काठ्या. त्यातूनही एखादा कपडा ओला राहिलाच, तर चुलीच्या वर धरलेल्या बांबूवर तो जाई. कपडा सुके, फक्त त्याला धुराचा वास येई. गंमत म्हणजे १८९२ साली अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसन या गृहस्थांनी शेगडीच्या उष्णतेवर कपडे सुकवण्याच्या चौकटीचं चक्क पेटंट घेतलं. आपल्या आजीने पेटंट घेतलं नाही, एवढाच काय तो फरक!

आता मालवण, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी इथे बिल्डिंगा उभ्या राहिल्या आहेत. फ्लॅटला पडवी नाही, चूल नाही. एक बाल्कनी असते आणि तिच्यात पाऊस आडवा घुसतो. मग कपडे खुर्च्यांच्या पाठीवर, दारांच्या कड्यांवर आणि पंख्याखाली बांधलेल्या दोऱ्यांवर जातात. तिसऱ्या दिवशी त्यांना कुबट वास येतो, चौथ्या दिवशी काळे ठिपके दिसतात. ती असते बुरशी. ओलसर कपडे रोज अंगावर राहिले, की मांड्यांत, काखेत गजकर्ण होतं ते वेगळंच. कपडे घरातल्या सगळ्यांचे असतात, पण ते सुकवायची काळजी बहुधा एकट्या आईच्या डोक्याला. आणि मग एके दिवशी घरात विषय निघतो : "ड्रायर घ्यायचा का?"

हा विषय मोठ्या माणसांचा म्हणून तुम्ही उठून जाऊ नका. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं बाष्पीभवन आणि संघनन इथेच कामाला येणार आहे. दुकानदार कितीही बटणं दाखवो, आपण एकच प्रश्न धरून ठेवायचा : कपड्यांतलं पाणी जातं कुठे?

पाणी नाहीसं होत नाही

कपडा सुकतो म्हणजे त्यातलं पाणी वाफ होऊन हवेत जातं. पण हवेच्या पोटालाही मर्यादा आहे. २८ अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ सामावून घेते. त्याहून एक थेंब जास्त नाही.

आता वही-पेन्सिल घ्या. तुमची खोली ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच आहे असं समजा. म्हणजे २७ घनमीटर हवा. जुलैत बाहेर आर्द्रता ९० टक्के असली, तर हवेचं पोट दहापैकी नऊ भाग आधीच भरलेलं. दर घनमीटरला जागा उरली फक्त २.७ ग्रॅमची. २७ गुणिले २.७ म्हणजे झाले सुमारे ७३ ग्रॅम. अर्धा कपसुद्धा नाही! आणि दोरीवर टांगलेल्या चार माणसांच्या कपड्यांत पाणी असतं दोन-चार लिटर. दारं-खिडक्या बंद करून ते कसे सुकणार? त्यांनी सुकायचं ठरवलं तरी हवा म्हणणार, "मझ्याकडे जागा नाही बाबा!"

म्हणूनच तर कोकणात मिरगाच्या आधी आगोटीची घाई चालते. सुके बांगडे, सुकट, आमसुलं, पापड सगळं मे महिन्याच्या उन्हात कडकडीत करून डब्यांत भरायचं. कारण त्यानंतर हवेत जागाच राहत नाही. सुकट असो की शर्ट, नियम एकच.

अजून एक गंमत. चिवल्याच्या किनाऱ्यावर समुद्रात डुंबून आल्यावर शर्ट नुसताच सुकवला, गोड्या पाण्यात खळबळला नाही, तर तो पावसाळी हवेत पुन्हा ओलसर होतो. त्यात राहिलेलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ स्वतःच पाझरू लागतं. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीत बघा, खात्री पटेल. तेव्हा समुद्रावरून आलात, की आधी कपडे गोड्या पाण्यातून काढा.

मग हवेत जागा करायची कशी? दोन वाटा आहेत. एक, भरलेली हवा हलवून तिच्या जागी दुसरी आणायची. हे काम वारा किंवा पंखा करतो. दुसरी, हवा तापवायची. तीच हवा ५० अंशांपर्यंत तापवली, तर एका घनमीटरमध्ये ८३ ग्रॅम वाफ मावते. म्हणजे पोट तिप्पट झालं! सगळे ड्रायर ह्या दोन्ही वाटांनी एकदमच जातात. हवा तापवतात आणि फिरवतात.

हा ड्रायर तो ड्रायर नव्हे

थांबा, इथे एक घोटाळा सोडवू या. घरच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये दोन टब असतात, त्यातल्या छोट्या टबाला आपण सर्रास 'ड्रायर' म्हणतो. खरं तर तो सुकवत नाही, पिळतो. गरगर फिरून पाणी बाहेर फेकतो. बादलीत पाणी घेऊन ती जोरात गोल फिरवता ना तुम्ही, तशातलाच प्रकार. फक्त ह्या बादलीला भोकं आहेत!

पण त्याला कमी समजू नका. चार किलो सुती कपडे हाताने पिळले, तर त्यांत जवळपास त्यांच्या वजनाइतकं, म्हणजे चार लिटर पाणी राहतं. मशीनमध्ये चांगल्या वेगाने पिळले, तर निम्म्याहून थोडं जास्त, सव्वादोन लिटरच्या आसपास. पावणेदोन लिटर पाणी पाच-सात मिनिटांत गेलं, आणि वीज लागली युनिटच्या विसाव्या हिश्श्याएवढी. तेच पाणी उष्णतेने उडवायचं झालं तर? एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे दोन-तृतीयांश युनिट वीज लागते. म्हणजे एक युनिटहून जास्त. आलं लक्षात? पाणी फेकून देणं स्वस्त, उडवून लावणं महाग. म्हणून कुठलाही ड्रायर घ्या, कपडे आधी नीट पिळलेले हवेत.

तीन यंत्रं, तीन उत्तरं

आता आपला प्रश्न घेऊन दुकानात जाऊ या.

पहिलं यंत्र खोलीतली हवा ओढतं, तापवतं, कपड्यांतून फिरवतं आणि ती वाफाळलेली हवा मागच्या जाड नळीने बाहेर सोडतं. पाणी जातं कुठे? नळीतून घराबाहेर. यंत्र साधं आणि त्या मानाने स्वस्त. पण नळीसाठी भिंतीला किंवा खिडकीला भलंमोठं भोक हवं. फ्लॅटमध्ये सोसायटी ते पाडू देईलच असं नाही. आणि नळी खोलीतच सोडली, तर सगळं मुसळ केरात! कपड्यांतलं पाणी भिंतींवर, कपाटांत आणि तुमच्या पुस्तकांत जाऊन बसेल.

दुसऱ्या यंत्राला बाहेर जाणारी नळी नसते. ते हवा आतल्या आतच फिरवतं. तापलेली हवा कपड्यांतलं पाणी उचलते, मग थंड पत्र्यांवरून जाते, तिथे वाफेचं पुन्हा पाणी होतं. थंड सरबताच्या ग्लासाला बाहेरून थेंब जमतात ना, अगदी तसंच. ह्यालाच संघनन म्हणतात. पाणी जातं कुठे? यंत्रातल्या टाकीत किंवा बारीक पाइपाने मोरीत. भिंतीला भोक नको. पण हवा तापवायला आत विजेची कॉइल असते. चार किलो पिळलेले कपडे सुकवायला साधारण दोन ते अडीच युनिट लागतात आणि ती सगळी ऊब शेवटी खोलीतच येते.

तिसरं यंत्रही बिननळीचं, पण त्याच्या पोटात छोटा फ्रिजच बसवलेला असतो. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या बाजूने बाहेर टाकतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. इथे त्याची थंड बाजू वाफेचं पाणी करते आणि गरम बाजू तीच हवा पुन्हा तापवते. उष्णता वाया न घालवता पुन्हा पुन्हा वापरायची, अशी ही युक्ती. ह्याला हीट पंप म्हणतात. तेवढ्याच कपड्यांना ह्याला एक युनिटच्या आसपास वीज पुरते. हवा फार तापत नसल्याने कपडेही कमी झिजतात. मात्र यंत्राची किंमत जास्त, आणि वेळही जास्त लागतो, दोन-तीन तास सहज.

ह्यांखेरीज एक चौथं भावंडं आहे. धुणं आणि सुकवणं एकाच यंत्रात! जागा वाचते खरी, पण दोन गोष्टी विचारून घ्या. धुण्याची ताकद आठ किलो असली, तरी सुकवण्याची बहुधा पाच-सहा किलोच असते. म्हणजे भरून धुतलं, तर काही कपडे बाहेर काढावे लागतात. आणि अशा काही यंत्रांत वाफेचं पाणी करण्यासाठी नळाचं थंड पाणी वापरतात. कपडे सुकवायला पाणी खर्च! बाहेर कितीही धो धो कोसळत असला, तरी फ्लॅटच्या नळाला पाणी गच्चीवरच्या टाकीतूनच येतं, नाही का?

दुकानात विचारायचे प्रश्न

हा भाग आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवा.

१. रोज सुकवायचे कपडे किती किलो? अंदाज नको, वजन करा. चौघांच्या घराला रोज तीन-चार किलो होत असतील, तर फार मोठं यंत्र कशाला? मात्र कपड्यांना उलटंपालटं व्हायला आत थोडी मोकळी जागा हवी, हे विसरू नका.

२. वीज किती? 'कमी लागते' हे उत्तर चालणार नाही. एका खेपेला किती युनिट, ते माहितीपत्रकात बघा. रोज चार किलो धरले, तर महिन्याला हीट पंपाचे ३० युनिट होतील, कॉइलवाल्याचे ६० ते ७५. महावितरणच्या बिलात १०० युनिटांच्या पुढे दर चढतो, तेव्हा हा हिशेब घरच्या बिलात मिळवून बघा. हीट पंपाला जास्त घातलेले पैसे किती वर्षांत वसूल होतील, हे गणित तुम्हीच करून द्या. पण त्यात एक मेख आहे. यंत्र वर्षाचे बाराही महिने चालणार नाही. कोकणात आठ महिने सूर्य हे काम फुकट करतो!

३. ठेवायचं कुठे? ही यंत्रं बहुधा ६० सेंटिमीटर रुंद आणि ८५ सेंटिमीटर उंच असतात. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनवर काही ड्रायर खास चौकट लावून चढवता येतात. खारा वारा आणि पाऊस आत येतो अशा बाल्कनीत मात्र नको, गंज चढेल. आणि खोली हवेशीर हवी. कोंडलेल्या मोरीत यंत्राचीच दमछाक होते.

४. प्लग कुठला? कॉइलवाल्या यंत्राला १६ अँपिअरचा जाड प्लग लागतो. अर्थिंग पक्कं आहे ना आणि गळती झाली की वीज तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, बसवलेला आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्या. व्होल्टेज वर-खाली होत असेल तर स्टॅबिलायझर हवा का, तेही विचारा.

५. बिघडलं तर दुरुस्तीला माणूस कुठून येणार? कुडाळ-कणकवलीत कंपनीचा माणूस आहे, की कोल्हापूरहून किंवा पणजीहून यायचा?

घेतल्यावर दोन कामं तुम्ही अंगावर घेऊ शकता. दर खेपेनंतर जाळीत कापसासारखा धाग्यांचा भुसा जमतो, तो काढायचा. जाळी तुंबली की वीज वाया जाते आणि भुसा पेट घेऊ शकतो. दुसरं, टाकीतलं पाणी ओतायचं. ते पिण्याचं नव्हे हं! पण फरशी पुसायला झकास. तेलाने माखलेली फडकी ड्रायरमध्ये कधी टाकू नका, गरम होऊन ती आपोआप पेटू शकतात. आणि धाकटं भावंड घरात असेल तर ड्रमचं दार कायम बंद ठेवा.

यंत्राच्या आधी

आता तुम्ही म्हणाल, "आमच्याकडे यंत्राएवढे पैसे नाहीत, मग आम्ही काय करायचं?" अहो, त्यांच्यासाठीच तर हा सगळा हिशेब! कारण कितीही महागडं यंत्र घेतलं, तरी ते वीज असेपर्यंतच. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा सिंधुदुर्गात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं कैक दिवस अंधारात होती. तेव्हा ज्यांना बिनयंत्राचं शास्त्र ठाऊक, त्यांचे कपडे सुकले.

ते शास्त्र असं. कपडे दोनदा पिळा. पिळल्यावर कोरड्या पंचात गुंडाळून दाबलेत, तर आणखी पाणी निघेल. दोरीवर कपड्यांत वितभर अंतर ठेवा. शर्ट दोरीवर दुमडू नका, हँगरला लावा. पँट उलटी करा, खिसे बाहेर काढा. वीज असेल तर पंखा लावा, पण समोरासमोरच्या दोन खिडक्या फटीएवढ्या तरी उघड्या ठेवा. नाहीतर पंखा तीच भरलेली हवा फिरवत बसेल. ७५ वॉटचा पंखा आठ तास चालला, तर वीज लागते ०.६ युनिट. नवे कमी विजेचे पंखे त्याच्याही निम्म्यात भागवतात. आणि सगळंच एका दिवशी धुवायचं नाही. उद्या जे लागणार, ते आज आधी.

काही गोष्टी मात्र अजिबात करायच्या नाहीत. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कपडे सुकवू नका. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो जीव घेतो. गॅसच्या शेगडीवर कपडे धरू नका. ओला युनिफॉर्म अंगावर ठेवून किंवा ओल्या हातांनी इस्त्री करू नका.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. तुमच्या घरी कपडे वाळत घालायला लोखंडी तार आहे का? ती पत्र्याच्या छपराला, विजेच्या खांबाला किंवा मीटरच्या वायरजवळ बांधलेली आहे का? वायरचं आवरण झिजलेलं असलं आणि तारेला लागलं, की अख्खी तार वीज वाहू लागते. त्यात पाऊस, त्यात ओले कपडे, ओले हात. पावसाळ्यात अशा तारेचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात कुठून ना कुठून येत राहतात. बऱ्याचदा एकाला वाचवायला धावलेला दुसराही त्यात जातो. तार काढून नायलॉनची दोरी लावायला कितीसा खर्च येतो? यंत्र यायचं तेव्हा येईल, हे काम मात्र ह्याच रविवारी करून टाका. आणि कुणाला शॉक लागलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा आणि मोठ्यांना हाका मारा.

करून पाहा

एक कोरडा टॉवेल घ्या आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर किंवा शेजारच्या दुकानदाराच्या तराजूवर त्याचं वजन करा. मग तो भिजवून हाताने पिळा, पुन्हा वजन करा. मशीनमध्ये पिळून आणखी एकदा करा. आता तो घरात टांगून दर दोन तासांनी वजन लिहून ठेवा. एक दिवस खिडकी बंद ठेवून, दुसऱ्या दिवशी खिडकी उघडी ठेवून, तिसऱ्या दिवशी खिडकी आणि पंखा दोन्ही. तीन दिवसांचा आलेख एकाच कागदावर तीन रंगांनी काढा. कुठली रेघ सगळ्यांत उतरती आहे? तुमच्या घरात पाणी कोणत्या वाटेने बाहेर जातं, ते त्या कागदावर दिसेल. ड्रायर घ्यायचा की नाही, आणि घ्यायचा तर केवढा, ह्याची चर्चा घरात पुन्हा निघेल तेव्हा तो कागद आईबाबांपुढे ठेवा. आणि हो, टॉवेल टांगायला उठलाच आहात, तर बादलीतले बाकीचे कपडेही टांगून टाका!